आधी न्हाई, मग हाय

माघ शुद्ध १०, शके १८५७. उमरी

हुकूम आला! उर्दूत, शिक्का मारलेला. येत्या सालापासून आमच्या शाळेत इंग्रजी सुरू होणार. फाल्गुनाच्या शेवटी नांदेडला तालीमच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, कचेरीत जो मास्तर इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवील, त्यानेच ते शिकवायचे. नाहीतर बाहेरून माणूस येईल.

इंग्रजी मी वाचतो. अर्थही लागतो. पण ते डोळ्यांनी शिकलो, कानांनी नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत इंग्रजी बोलणारा साहेब दोनदाच ऐकला. दोन्ही वेळा तो रागावलेला होता.

घरी येऊन हुकूम हिला दाखवला. हिने शिक्क्यावरून बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. जा, म्हणून.

माघ शुद्ध ११

एकादशी. उपास. पाठ संपवून स्टेशनवर गेलो. तिथला तारबाबू माणिकप्पा उदगीरकडचा आहे. तिशीचा, कपाळावर भस्माचे पट्टे. गाडी गेली की त्याला उसंत असते. त्याला पानभर वाचून दाखवले. तो तोंडावर रुमाल धरून ऐकत होता.

"मास्तर, इंग्रजी वाचून राहिले का पाढे म्हणून राहिले?"

मग त्याने समजावले. एक मांजर कॅट, पुष्कळ मांजरे कॅट्स. एक कुत्रा डॉग, पुष्कळ कुत्रे डॉग्ज़. लिहिताना शेवटी अक्षर एकच. म्हणताना पहिल्यात नुसता वारा, दुसऱ्यात आवाज, मौलवींच्या उर्दूतल्या ज़े सारखा. मला दोन्ही सारखेच ऐकू आले!

"गळ्याच्या घाटीवर हात ठेवा. भुंगा गुणगुणल्यावानी लागलं तर आवाज हाय. न्हाई लागलं तर नुसता श्वास. मला एका गार्डसाहेबानं असंच शिकवलं."

परतताना गळ्यावर हात ठेवूनच चाललो. देवळापाशी गुरव भेटला. "मास्तर, घसा धरला व्हय? मिठाच्या गुळण्या करा."

माघ शुद्ध १२

सगळेच गुणगुणते! क गुणगुणतो, प गुणगुणतो, स गुणगुणतो. माणिकप्पाने थट्टा केली की काय?

माघ शुद्ध १४

ही वही कोणी वाचत नाही. तरी एक गोष्ट तिच्यातही आजवर लिहिली नव्हती. आज लिहितो.

बारा वर्षांपूर्वी हिला विषमज्वर झाला. सत्तावीस दिवस ताप. उतरला तो कान घेऊन गेला. आमची सिंधु तेव्हा सात वर्षांची होती. आता धर्माबादला सासरी नांदते. पहिले वर्षभर ही फार मोठ्याने बोलायची. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग तो मापायचा कशाने?

पुढच्या हनुमान जयंतीला देवळात आरती संपली. सगळे थांबले. हिचे डोळे मिटलेले. ही एकटीच गात राहिली, खरखरीत, सूर सोडून, उंच. आधी पोरे हसली, मग बाया. मी वळलो आणि ओठांवर बोट ठेवले. नुसते बोट नाही, डोळेही वटारले. नेमके त्याच वेळी हिने डोळे उघडले.

त्या दिवसापासून हिच्या तोंडून शब्द नाही. अकरा वर्षे झाली. खुणा करते, माझे ओठ वाचते. लोक म्हणतात तापात वाचाही गेली. कोणी नेली ते मला ठाऊक आहे.

मारुतीपुढे रोज कबूल करतो. हिच्यापुढे एकदाही केले नाही. देवाजवळ सोपे असते, तो तोंडाकडे टक लावून पाहत नाही.

माघ पौर्णिमा

आज काय झाले ते नीट लिहून ठेवतो.

तिसऱ्या प्रहरी अंगणात बसलो होतो. ही सुपात तूर निवडत होती. मी गळ्यावर हात ठेवून क, क, क करत होतो. हिला वाटले घसा सुजला. उठून आली, माझा हात बाजूला केला आणि सूज पाहायला आपला तळवा घाटीवर ठेवला. मी नेमका म्हणालो, क.

ही दचकली. हात मागे घेतला. माझ्या तोंडाकडे पाहिले. आणि पुन्हा ठेवला.

मी म्हणालो, ग. हिने दुसऱ्या हाताचा पंजा उघडून दाखवला. हाय. मी म्हणालो, क. हिने मूठ मिटली आणि लगेच उघडली. पुन्हा क. पुन्हा मूठ, मग पंजा. आधी न्हाई, मग हाय.

बराच वेळ कळेना. मग डोक्यात एकदम उजेड पडला! आमच्या गावच्या पंतोजींनी धुळीत अक्षरे गिरवून घेतली, ओरडून पाठ करून घेतली. त्या प्रत्येक अक्षराच्या पोटात अ बसलेला. मी क म्हणतो तेव्हा आधी क येतो, मागून अ. गुणगुणतो तो अ! क बिचारा मुकाच आहे. मग पाय मोडून म्हणून पाहिला. क्. नुसता, कोरडा. हिची मूठ मिटली ती मिटलेलीच राहिली.

पंचवीस वर्षे पोरांना अक्षरे शिकवली आणि अक्षर सुटे कधी ऐकलेच नव्हते. माझा हात माझ्याच बाजूने साक्ष देत होता. हिच्या हाताला माझी भीड नाही.

माघ वद्य १

स्, मूठ. ज़्, पंजा. शाळेत पोरे पाढे म्हणत होती आणि मी खिडकीतून चिंचेकडे पाहत होतो. गळ्यावर अजून तळवा आहे असे वाटत राहिले.

माघ वद्य ४

संकष्टी. आता रोज बसतो. शाळा सुटली की हात-पाय धुऊन अंगणात पोते टाकायचे, समोरासमोर. ही पदर खोचते, तळवा पदराला पुसते आणि ठेवते. मी शब्द म्हणतो. कॅट्स, मूठ. बुक्स, मूठ. डॉग्ज़ म्हणतो आणि चुकून शेवटी वारा सोडतो, तर ही माझ्या घाटीवर बोटाने टिचकी मारते! पंतोजींची छडी परवडली.

एक गोष्ट आज ध्यानात आली. प म्हणताना ओठ मिटतात, ब म्हणतानाही तसेच मिटतात. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसायचा नाही. फरक सगळा आत, गळ्यात. आणि ही बारा वर्षे माझे ओठच वाचते आहे. म्हणजे माझे निम्मे बोलणे अंदाजाने जाणत आली. भजनाला निघताना मी टाळ मागितले आणि हिने डाळ पुढे केली, त्यावर मी किती चिडलो होतो! आज हिने हात ठेवून मला दोन्ही म्हणायला लावले. टाळ, डाळ, टाळ, डाळ. मग ही हसली. दात दिसेपर्यंत हसली. आवाज नाही.

माघ वद्य ७

गावभर बोभाटा!

शेजारची लक्ष्मम्मा मूळची धर्माबादेपलीकडची. अर्धे तेलुगू, अर्धे मराठी, आणि दोन्ही मोठ्याने. ती भिंतीवरून शेण्या मागायला डोकावली. पाहते तर मी मान वर करून बसलेला आणि हिचा हात माझ्या गळ्यावर!

"अय्यो! मास्तरचा गळा दाबून राहिली! धावा गं कोनीतरी!"

चार माणसे आली. गुरव घंटा वाजवायचा टोल हातात घेऊनच आला. मी सांगतो, इंग्रजी शिकतो आहे. कोणी मानेना. गुरव म्हणाला, "मास्तर, एवढं अवघड हाय का इंग्रजी?"

सगळे गेल्यावर लक्ष्मम्मा भिंतीवर कोपर टेकून राहिली. "दिवसाढवळ्या बायकोनं नवऱ्याच्या गळ्याला हात लावायचा, हे कुठलं शास्त्र?"

"विलायती," मी म्हणालो.

"मग बरं हाय विलायत," म्हणाली आणि शेण्या घेऊन गेली.

ही घरात जाऊन बसली होती. वाटले, आता संपले. दिवेलागणीला बाहेर आली, पोते झटकले आणि टाकले.

फाल्गुन शुद्ध ३

माणिकप्पा चकित. "मास्तर, ज़ पक्का झाला! कोन शिकवून राहिलं तुम्हाला?"

"आहेत एक गुरू."

"नांदेडचे?"

"नाही. घरचेच." त्याला थट्टा वाटली.

फाल्गुन शुद्ध ८

आज काही वेगळेच मनात आले. स्तोत्र म्हणताना मी स्वतःच हिचा हात घेऊन गळ्यावर ठेवला. हिने डोळे मिटले. मी म्हणत गेलो. हिच्या मुठी-पंजे नाहीत आज, नुसता हात. मधे श्वास घ्यायला थांबलो की तळवा किंचित दाबला जाई, पुढे म्हणा, अशा अर्थाने. देवाचे नाव हिच्यापर्यंत बारा वर्षांनी पोचत होते. कानांच्या वाटेने नाही, तळहाताच्या वाटेने. नदीकाठच्या वाळूत हात खुपसला की खालचे पाणी लागते, तसे काहीतरी.

माझा आवाज हिच्या हातात जातो. हिचा कुठे आहे?

फाल्गुन पौर्णिमा

होळी. सगळा गाव तोंडावर हात मारून बोंबलतो आहे. आज कोणाचाच आवाज मोठा नाही. ही दारात उभी राहून पाहत होती. मीही एक बोंब मारली. हिने माझ्याकडे पाहिले आणि आत गेली.

फाल्गुन वद्य ९. नांदेड

काल आलो. धर्मशाळेत उतरलो. पहाटे गोदावरीत स्नान केले, सूर्याला अर्घ्य दिले, मग कचेरी. आम्ही सात मास्तर. वाचून घेणारे साहेब हैदराबादचे, म्हातारे, शेरवानी, बोलणे मधासारखे. पान उघडून दिले. एका मळ्याचे वर्णन, त्यात कुत्रे, मांजरे, पाखरे. माझ्यासाठीच लिहिल्यासारखे!

उभा राहिलो आणि सगळे विसरलो. गळ्यावर हात नाही! आपसूक माझाच हात वर गेला.

"मास्टर साहब, गले में तकलीफ है?"

"नहीं हुज़ूर, आवाज़ ढूँढ रहा हूँ।"

बाकीचे सहाजण हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, ढूँढिए. मी डोळे मिटले, अंगण आठवले, पोते आठवले, आणि वाचले.

शेवटी म्हणाले, कुत्रे-मांजरे ठीक आहेत, पण तुमचा थ कच्चा आहे. दातांत जीभ धरून नुसता वारा सोडायचा, तुम्ही मागून गळा वाजवता. सहा महिन्यांनी पुन्हा या. तोवर जागा तुमचीच, दुसरा माणूस येणार नाही.

वाईट वाटायला हवे होते. मला पहिला विचार आला तो हा की अजून सहा महिने पोते टाकायचे! काम लवकर आटोपले, मुक्कामाचे कारण उरले नाही. दुपारचीच गाडी धरतो आहे.

त्याच दिवशी. उमरी

दिवा लावून लगेच लिहितो.

उन्हे कलताना घरी पोचलो. मी उद्या येणार असे हिला सांगून गेलो होतो. तुरकाठ्यांच्या कुडाशी आलो तर आत कोणीतरी बोलत होते. बाईचा आवाज. जाडाभरडा, उंच, मधेच घसरणारा. वाटले, कोणी पाहुणी आली.

"...तर चंद्रे, आमचे मास्तर गेले नांदेडला. स म्हनायला! पन्नाशीला आले अन् स म्हनायला शिकून राहिले. इंग्रज काय येडे हायेत का? कुत्रे लई झाले की गळा वाजवायचा अन् मांजरं लई झाली की न्हाई वाजवायचा? हं? तू सांग!"

चंद्री आमची म्हैस.

"हात ठेव म्हंतेत गळ्यावर. ठेवते की. लई ऊन लागतो गं गळा. बाहेरून थंड मानूस, अन् आत एवढं ऊन..."

भिंतीवरून लक्ष्मम्मा खदखदून हसली. मग तिला मी दिसलो. तिचे हसू मावळले. ती भिंतीकडेने बाहेर आली.

मी म्हणालो, "ही बोलते?"

"तुम्हाला ठाव न्हाई?" लक्ष्मम्मा माझ्याकडे पाहतच राहिली. "रोज बोलती. म्हशीशी, तुळशीशी, माझ्याशी. तुम्ही शाळेला गेले की सुरू. तुमची चाहूल... चाहूल कुठली तिला! सावली दिसली की बंद. मी म्हनलं, तुमचा दोघांचा काही नेम असंल. देवाला बोललेला."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हंजे? बंद कधी झाली व्हती?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा विचारलं मी. मास्तरशी का बोलत न्हाई गं तुळजाबाई? तर म्हनली, त्यांना लाज वाटती."

आत गेलो. हिला माझी सावली दिसली. ओठ मिटले. उठून पाणी आणले. तांब्या देताना नेहमीसारखीच मान तिरकी करून विचारले, कसे झाले?

अकरा वर्षे मला वाटले की मी हिची वाचा घेतली. वाचा आहे तिथेच आहे. अख्ख्या जगाला मिळते. म्हशीला मिळते. मी फक्त माझा वाटा घालवला.

फाल्गुन वद्य ११

एकादशी. पोते टाकले. हिने तळवा ठेवला. मी इंग्रजी नाही म्हणालो. "माझं चुकलं," म्हणालो. "त्या आरतीला." दोनदा म्हणालो. हिने ओठही पाहिले, गळ्यालाही लागले असणार. हात काढून घेतला नाही. बोललीही नाही. डोळ्यांनी सांगितले, असू द्या, पुढचा शब्द घ्या.

फाल्गुन वद्य १३

बोल म्हणालो. मान हलवली, नाही. मोठ्याने बोल म्हणालो. उठून चंद्रीला वैरण टाकायला गेली. भीती वाटते. आता मला ठाऊक झाले हे हिला कळले, आणि अंगणातलेही बोलणे बंद झाले तर? मग मी खरोखरच सगळे घेतलेले होईल.

चैत्र शुद्ध १, शके १८५८

पाडवा. गुढी उभारली. लक्ष्मम्मा कडुलिंब द्यायला आली आणि हळूच म्हणाली, "चार रोज झाले, माझ्याशी बी बोलत न्हाई."

चैत्र शुद्ध ६

पोते टाकतो. हात ठेवते. बाकी काही नाही.

चैत्र शुद्ध १२

आज देवळात बसल्या-बसल्या वाटले, अंगणात दोघांतच चुकलं म्हणणे म्हणजे कानात सांगणे झाले. बोट मी चारचौघांत ठेवले होते. चारचौघांत केले ते चारचौघांतच निस्तरावे लागते.

चैत्र पौर्णिमा

हनुमान जयंती. ही देवळात जाते ती भर दुपारी, कोणी नसताना. आज सूर्योदयाआधी उठवले. नको म्हणत होती. हाताला धरून नेले. लोक पाहत होते. बायांच्या बाजूला जाऊ लागली, जाऊ दिली नाही. मारुतीसमोर माझ्या शेजारी उभी केली.

पाळणा झाला. आरती सुरू झाली. मी हिचा हात उचलला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या गळ्यावर ठेवला. मागे कुजबुज. हिने डोळे मिटून घेतले.

आरती संपली. घंटा थांबली, टाळ थांबले, माणसे थांबली. मी थांबलो नाही. पहिल्या कडव्यापासून पुन्हा धरली. एकटा. जेवढा आवाज होता तेवढा. सूर गेला, जाऊ दिला. एक पोर हसले. मग बरेचजण हसले. गुरव माझ्या बाहीला ओढून म्हणाला, "मास्तर, झाली आरती!"

"माझी व्हायची आहे अजून," म्हणालो आणि पुढचे कडवे धरले.

हिने डोळे उघडले. आजूबाजूला पाहिले, सगळ्यांची तोंडे मिटलेली, काही हसणारी. आणि हाताखाली माझा गळा वाजतच होता. हिचा दुसरा हात हळूहळू वर आला. पंजा. उघडा पंजा.

मी शेवटपर्यंत म्हटले. ही गायली नाही. हात मात्र काढला नाही. घरी येताना चार पावले मागे नाही चालली, बरोबरीने चालली.

चैत्र वद्य १

सकाळी भिंतीवरून लक्ष्मम्माची हाक: "अय्यो मास्तर! एवढ्या सकाळच्या पारी नवरा-बायकोचं कसलं भांडन? सगळी गल्ली जागी झाली!"

भांडण नव्हते. चुलीपुढे माझ्या गळ्यावर हात ठेवून ही सांगत होती, "थ कच्चा हाय तुमचा! पुन्यांदा म्हना!"